झेब्रा म्हणजे पट्ट्यांचा घोडा नव्हे


कर्तव्यपथावरील संचलनात झेब्र्यांचे पथक आणावे, ही सूचना वाचली. कल्पना गमतीची, पण राष्ट्रपती अंगरक्षक दलाच्या घोड्यांमागे हजारो वर्षांची निवडक पैदास आहे. झेब्र्याची तशी पैदास कधी झालीच नाही. एखादा झेब्रा शिकतो, हे खरे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉथशिल्डने लंडनमध्ये झेब्र्यांची गाडी हाकली होती. पण गाडी ओढणे वेगळे, पाठीवर स्वार सोसणे वेगळे. त्यात बिथरला की हा प्राणी कडकडून चावतो. 1621 मध्ये जहांगीराकडे झेब्रा आला, तेव्हा पट्टे रंगवलेत की काय, अशी शंका आली होती! दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचे चित्र काढले आणि इराणच्या शाह अब्बासला द्यायच्या भेटींत त्याची भर पडली. बादशहाच्या पदरी घोडदळ घोड्यांचेच राहिले. संचलनातही घोडेच राहू द्यावेत.

– एक वाचक, नोएडा