डासाचा फोटो पाठीवरून काढा

पाऊस सुरू झाला की सोसायट्यांच्या ग्रुपवर डासांचे फोटो फिरू लागतात. पायांवर पांढरे पट्टे दिसले की लगेच शिक्का बसतो, डेंग्यूचा डास. पण तसे पट्टे एडिस इजिप्तीच्या पायांवर असतात, तसेच एडिस अल्बोपिक्टसच्याही. या दोन जातींतला फरक पाठीवर असतो.

इजिप्तीच्या काळपट पाठीवर दोन बाजूंना कंसासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेघा आणि मधे दोन बारीक रेघा. अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच ठसठशीत रेघ. ही सगळी नक्षी सूक्ष्म खवल्यांची असते, आणि फटका बसला की आधी तेच झडतात. म्हणून डास चिरडू नका. उपड्या पेल्याखाली पकडा, पेला थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा, मग डास पांढऱ्या कागदावर घेऊन दिवसाच्या उजेडात बरोब्बर वरून फोटो काढा. मिशा झुबकेदार असतील तर तो नर, तो चावत नाही.

एवढा खटाटोप कशाला? डेंग्यू, चिकुनगुन्या दोघीही पसरवतात, पण त्यांची राहणी वेगळी. इजिप्ती बहुतेक घरातली: कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, उघडा पिंप. अल्बोपिक्टसला झाडोरा लागतो: झाडाची ढोली, कापलेल्या बांबूचं पेर, करवंटी. फोटोत इजिप्ती दिसत असताना बागेत धूर मारत बसलं, तर घरातल्या अळ्या तशाच वाढत राहतात. धोका डेंग्यू-चिकुनगुन्यापुरताही नाही: २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरमध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. तो विषाणूही एडिसच पसरवते.

स्पेनमध्ये ‘मॉस्किटो अलर्ट’ उपक्रमात लोक फोटो पाठवतात आणि कीटकशास्त्रज्ञ ते तपासतात. २०१८ मध्ये अशाच फोटोमुळे एडिस जापोनिकस ही तिथं आधी न आढळलेली जात अस्तुरियास प्रांतात सापडली. आपल्या महापालिकांनाही हे जमण्यासारखं आहे.

अर्थात फोटोवर सगळं भागत नाही. ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस क्युलिसिफेसिस दिसायला एक, प्रत्यक्षात पाच जातींचा गट. त्यातली ‘बी’ ही जात मलेरिया फारसा पसरवत नाही, पण ती सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळी ओळखू येत नाही. गुणसूत्रं किंवा डीएनए तपासावा लागतो. ‘फोटोवरून सांगता येणार नाही, डास डबीत घालून आणा’ असं स्पष्ट सांगणारा आणि आणलेला डास प्रयोगशाळेत पाठवणारा कीटकशास्त्रज्ञ प्रत्येक महापालिकेनं आणि जिल्हा परिषदेनं नेमलाच पाहिजे.