बोट घ्यायचीय? आधी घरात मतदान घ्या!

जळगावात बसून शिडाच्या बोटीची खरेदी? हसा, बिनधास्त हसा! मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, बोटिंग म्हटलं की मेहरुण तलाव आणि 'सेल' म्हटलं की आपल्याला आठवतो तो दिवाळीचा डिस्काउंट. पण मंडळी, हतनूर धरणातून सुटलेलं तापीचं पाणीसुद्धा शेवटी सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळतं. पाण्याला जमतं, मग आपल्याला का नाही?

आणि समुद्राची स्वप्नं बघायला समुद्र शेजारी असावा लागतो, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना ज्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे कुठे? तर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. आजूबाजूला ऊस आणि माळरान!

सांगायचं कारण म्हणजे हा किडा सध्या बऱ्याच जणांना चावलाय. तिशी-पस्तिशीतलं कपल, एखादं पोर, बऱ्यापैकी पॅकेज आणि डोक्यात एकच विचार: वर्षभर सुट्टी टाकायची, बोट घ्यायची आणि निघायचं. नौदलातून निवृत्त झालेला एक भारतीय अधिकारी, त्याची पत्नी आणि मुलगी हे त्रिकूट तर घरातलं सामानसुमान विकून खरोखरच बोटीवर राहायला गेलं. त्यामुळे 'हे सगळं फॉरेनवाल्यांचं' ही सबबही आता चालत नाही.

आमच्या ग्रुपमधला एक जण असाच पेटलाय. मूळचा पारोळ्याचा, आता पुण्यात आयटीत, मुलगी सहा वर्षांची. हिवाळ्यात भरीत पार्टीसाठी सगळे जळगावात जमलो, तर हा पठ्ठ्या वांग्यांचा धूर बाजूला सारत मोबाइलवर बोटींचे फोटो दाखवत होता. ४८ फूट, तीन बेडरूम, वर सनडेक. आम्ही सगळे 'वॉव, सही!' करत होतो. त्याची बायको शांतपणे फोटो बघत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला, "अरे, रात्री तू पाण्यात पडलास, तर ही बोट मी एकटी वळवू शकेन का?"

पार्टी एकदम सायलेंट!

माझ्या मते बोट निवडण्याचा अख्खा फंडा या एका प्रश्नात आहे. रंग, लांबी, किंमत, ब्रँड हे सगळं त्याच्या नंतर.

दोघं असलात तरी एकटेच

कसं ते बघा. किनारा सोडून लांब निघालात की बोट रात्रीही चालतच असते. रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपलो, असं तिथे नसतं. दोन मोठी माणसं असतील तर तीन-चार तासांची शिफ्ट लागते. एक जण पहाऱ्यावर, दुसरा झोपलेला. म्हणजे निम्मा वेळ बोटीवर जागं माणूस एकच. त्यातून एकाला बोट लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा पोराला ताप आला, की पूर्ण वेळ एकच.

म्हणून कुटुंबासाठीची बोट 'दोघांना जमेल अशी' नको, तर दोघांपैकी ज्याला कमी येतं त्याला एकट्याने जमेल अशी हवी. वारा वाढल्यावर शीड कमी करायच्या दोऱ्या बसल्या जागी हाताशी हव्यात. पुढचं शीड गुंडाळता येणारं हवं. सुकाणू सांभाळायला ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित यंत्र हवं. नांगर ओढायला मोटर हवी. आणि मुख्य म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाला वर घ्यायची सोय हवी. भिजलेल्या ऐंशी किलोच्या नवऱ्याला हाताने ओढून घेणं सिनेमातच जमतं. इथे कप्पी आणि दोरखंडच लागतो, आणि त्याची आधी प्रॅक्टिस लागते.

लांबी वाढते तसा दोऱ्यांवरचा आणि शिडांवरचा जोर वाढतो, आणि तो फुटाच्या हिशेबाने वाढत नाही, त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. म्हणूनच जगभर फिरणारी बहुतेक कुटुंबं ३५ ते ४५ फुटांच्या आसपास थांबतात. ४८ फूट आणि सनडेक फोटोत भारी दिसतं, पण रात्री दोन वाजता सनडेक कामाला येत नाही!

तीन बोटी, मुंबई कनेक्शन

छोट्या बोटीत रिस्क जास्त, असं वाटतंय ना? मग या तीन बोटी बघा. तिघींचा मुंबईशी संबंध आहे.

पहिली 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा मर्चंट नेव्हीतला तरुण इंग्रज अधिकारी. त्याने ही बोट १९६० च्या दशकात चक्क कुलाब्यात बांधून घेतली, सागवानात. लांबी जेमतेम ३२ फूट. १९६८ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारायची शर्यत लागली. नऊ जण उतरले आणि शर्यत पूर्ण केली फक्त याने, ३१२ दिवसांत, एप्रिल १९६९ मध्ये. सुहैली काही फास्ट नव्हती. पण वाटेत सुकाणूचं स्वयंचलित यंत्र मोडलं, तेव्हा शिडं नीट बांधून दिली की ही लांब कण्याची, जड बोट बराच वेळ आपली आपण सरळ जायची. दमलेल्या माणसाला याहून मोठं गिफ्ट कोणतं?

दुसरी 'तृष्णा'. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्सनी १९८५ ते १९८७ मध्ये हिच्यातून भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली. ३७ फूट आणि सेकंडहँड! नवी कोरी हवी हा हट्ट असेल, तर हे नाव लक्षात ठेवा.

तिसरी 'म्हादेई', ५६ फूट. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. आता तुम्ही म्हणाल, ५६ फुटी बोट एकटा माणूस चालवतो, मग आम्ही का नाही? थांबा. दोंदे नौदलातले क्लिअरन्स डायव्हर, म्हणजे पक्के पाणबुडे. मागे अख्खं नौदल. आणि बोट दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रासाठीच बनवलेली. आपला कार्यक्रम तेवढा डेंजर नाही!

दोंद्यांकडून शिकायची गोष्ट वेगळीच आहे. स्वतःची बोट हातात येण्याआधी, २००६ मध्ये, ते नॉक्स-जॉन्स्टनच्या टीममध्ये मदतनीस म्हणून राबले. आणि मोठ्या सफरीआधी म्हादेई मॉरिशसपर्यंत नेऊन आणली. आधी दुसऱ्याची बोट, मग स्वतःच्या बोटीची ट्रायल, आणि मग प्रदक्षिणा.

जोडप्याचं उदाहरण हवं असेल तर लिन आणि लॅरी पार्डी. १९६८ मध्ये स्वतः बांधलेली 'सेराफिन' त्यांनी पाण्यात सोडली. २४ फूट, आणि इंजिनच नाही! वर्षानुवर्षं जग फिरले. पोराबाळांना घेऊन इतकं टोक गाठायची गरज नाही. पण बोटीवर यंत्रं जितकी कमी, तितकी बिघडणारी यादी छोटी, हे मात्र शंभर टक्के खरं.

एक कणा की दोन?

या खरेदीतला कायमचा वाद म्हणजे मोनोहल की कॅटमरान. साध्या बोटीला तळाशी जड कणा असतो. वाऱ्याने ती कलते, त्यामुळे जेवणाचं ताट आणि पोटातलं जेवण दोन्ही कलतं. पण लाटेने पार आडवी केली तरी कण्याच्या वजनाने ती पुन्हा उभी राहते. कॅटमरान म्हणजे शेजारी शेजारी दोन होड्या जोडलेल्या. कलत नाही, पोरांना खेळायला ऐसपैस जागा, उथळ पाण्यातही जाते. पण महाग, धक्क्यावर जागा जास्त खाते, आणि भर समुद्रात उलटलीच तर परत सुलटी होत नाही. बेटाबेटांतून आरामात फिरणार असाल तर कॅटमरान मस्तच. लांबच्या, बेभरवशाच्या समुद्रात जायचं असेल आणि बजेट टाइट असेल, तर एक कणाच बरा.

मित्राच्या आईंना या वादात इंटरेस्ट नव्हता. त्यांचा प्रश्न होता, "हलत्या बोटीत स्वैपाक कसा करणार?" प्रश्न एकदम पॉइंटाचा! बोटीवरची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी ती सपाट राहते. आणि समुद्रावर फिरणाऱ्यांचं लाडकं भांडं कोणतं माहितीये? आपला प्रेशर कुकर. झाकण घट्ट, सांडायची भीती नाही, गॅसची बचत. त्यामुळे खिचडीचा प्रश्न मिटला. भाकरीचं मात्र किनाऱ्यावर बघू!

पैशाचं गणित

सगळं बजेट बोटीच्या किमतीत घालवू नका. जुनी बोट घेतलीत तर साधारण तिसरा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवा. नंतर दरवर्षी किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास देखभालीला जातात, असा बोटवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. फायबरच्या बोटीला पाण्याखाली फोड येतात, लोखंडी बोटीला गंज चढतो. सेकंडहँड गाडी घेताना आपण मेकॅनिकला सोबत नेतो, तसा इथे सर्व्हेअर न्या. बोट पाण्याबाहेर काढून त्याचा रिपोर्ट येईपर्यंत टोकन देऊ नका, फोटो कितीही खतरनाक असोत.

शिवाय ठेवणार कुठे? आपल्या देशात नीट सोयीचे मरिना मोजकेच. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर पावसाळा, म्हणजे बोट सुरक्षित जागी बांधून ठेवायची किंवा पाण्याबाहेर काढायची. तो खर्च आधीच धरा.

आता थोडं सीरियस. एप्रिल २०१४ मध्ये 'रिबेल हार्ट' नावाच्या ३६ फुटी बोटीतून एक अमेरिकन जोडपं दोन लहान मुलींना घेऊन पॅसिफिकमध्ये होतं. किनारा शेकडो मैल लांब. वर्षाची धाकटी आजारी पडली. बोटीत पाणी शिरत होतं आणि सॅटेलाइट फोन बंद पडलेला. मदतीला जवान विमानातून पॅराशूटने उतरले, मग अमेरिकन नौदलाच्या जहाजाने सगळ्यांना उचललं. चौघंही सुखरूप परतली, पण त्यांचं घर असलेली ती बोट समुद्रातच सोडावी लागली. आई-बापांना तेव्हा जगभरातून शिव्या पडल्या. तो वाद बाजूला ठेवू. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की संपर्काचं एक साधन पुरत नाही, आणि पोर जितकं लहान तितका पहिला टप्पा छोटा हवा.

म्हणून निघण्याआधी हे करा:

• दोघांनीही सेलिंग शिका. एकट्याने शिकून दुसऱ्याला 'समजावून' सांगू नका. समुद्रच लागतो असं नाही. भोपाळच्या बड्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेन सागरवरही शिडाच्या होड्या चालतात. भुसावळहून भोपाळची गाडी पकडा की झालं.

• विकत घेण्याआधी तशीच बोट आठवडाभर भाड्याने घ्या. पोराला न्या. सगळ्यांनी एकदा तरी उलटी केलेली बरी!

• त्या आठवड्यात एक दिवस ठरवून बोट दोघांपैकी नवख्याच्या हातात द्या. अनुभवी माणसाने तोंड बंद ठेवून बसायचं. हा भाग सगळ्यात अवघड.

• पाण्यात फेंडर टाका आणि तो माणूस समजून परत उचलून दाखवा. दोघांनीही. नाही जमलं तर ती बोट आपली नाही.

• कठड्याला जाळी, प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आणि बोटीला अडकवायचा पट्टा. पोराला नियम एकच: पट्ट्याशिवाय डेकवर नाही.

मित्राच्या ४८ फुटी स्वप्नाची लांबी सध्या ३८ फुटांवर आलीय. फोटो आता बायको निवडते. सनडेक गेला, नांगराची मोटर आली. आणि भोपाळच्या कोर्सची चौकशी तिनेच केलीय, दोघांच्या नावाने. बोट मिळायला अजून दोन-तीन वर्षं लागतील. लागू देत. तोवर तिच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं येणार असेल, तर ती वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल?