ज्यांचं औषध, त्यांचा नकार

पेरूहून परतल्यापासून दुकानात येणारं ओळखीचं माणूस औषधांचे पैसे देता देता हळूच विचारतं, "मग, काय काय दिसलं?" यूट्यूबवर सगळ्यांनी बघितलेलं असतं. अॅमेझॉनचं जंगल, अयाहुआस्का नावाचं कडूजहर पेय, मग साप, जग्वार, रंगीबेरंगी नक्ष्या, भेटायला येणारी मेलेली माणसं. मी सांगते, काहीच दिसलं नाही, कारण मला ते पेय दिलंच नाही. समोरच्याचा चेहरा उतरतो. एवढं लांब जाऊन, एवढा खर्च करून?

मला मात्र त्या प्रवासातली सगळ्यात मोलाची गोष्ट तो नकारच वाटतो. आदिवासींच्या हातात असलेली उपचार शिबिरं अलीकडे जगभर गाजताहेत. पुण्या-मुंबईची कमावती तरुण मंडळीही तिकडे जाण्याच्या गोष्टी करतात. कुठलं शिबिर खरोखर आदिवासींच्या हातात आहे हे ओळखायची माझी खूण एकच आहे. तिथला वैद्य समोरच्या पैसेवाल्याला 'नाही' म्हणू शकतो का?

मी सांगलीत औषधांचं दुकान चालवते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. त्यानंतर झोप उडाली आणि डॉक्टरांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. माझी भाची स्पॅनिशची दुभाषी आहे. तिचं काम पुकाल्पा शहरात निघालं, तेव्हा म्हणाली, "मावशी, चल. घरात बसून काय करणार आहेस?" मी अंधश्रद्धेविरुद्धची दाभोलकरांची भाषणं ऐकत मोठी झालेली बाई. मंत्रतंत्रावर माझा विश्वास नाही. पण औषधी वनस्पती म्हटलं की माझे कान टवकारतात.

पुकाल्पा हे पेरूतलं उकायाली नदीवरचं बंदर. लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेल्या बोटी, मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षा, अंगाला चिकटणारी दमट हवा. शेजारी यारिनाकोचा नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठाने शिपिबो-कोनिबो लोकांच्या वस्त्या आहेत. आम्ही गेलो ते केंद्र एका शिपिबो कुटुंबाचं. त्यांची म्हातारी आजी ओनान्या होती, म्हणजे त्यांच्यातली वैद्य. आजी शिपिबोत बोलणार, नातू स्पॅनिशमध्ये सांगणार, भाची माझ्यासाठी मराठीत आणणार. त्यामुळे प्रत्येक वाक्याला वेळ लागायचा आणि प्रत्येकाला विचार करायला फुरसत मिळायची.

गेल्या गेल्या त्यांनी गोळ्यांची यादी मागितली. आजीने माझी स्ट्रिप हातात घेऊन उलटसुलट बघितली, नातवाला नाव वाचायला लावलं आणि मान हलवली. ही गोळी चालू असताना पेय मिळणार नाही. मग गोळी सोडून देऊ का, असं मी मुद्दाम विचारलं. उत्तर आलं, "ती तुझ्या डॉक्टरने दिलीय. ती सोडायला मी कोण सांगणार? तू बस. आम्ही पितो."

फार्मसी शिकलेल्या माणसाला यातलं शास्त्र लगेच कळतं. अयाहुआस्का एका वनस्पतीचं होत नाही. चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांत डीएमटी असतं, पण ते नुसतं प्यायलं तर पोटातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा तिथेच निकाल लावतं. अयाहुआस्काच्या वेलीत हार्मिन आणि हार्मालिन असतं. ती द्रव्यं त्या विकराला अडवतात, म्हणून दोन्ही एकत्र उकळलं की चार-सहा तास अंमल राहतो. हजारो वनस्पतींच्या जंगलात ही जोडी कुणी आणि कशी शोधली, याचं मला आजही नवल वाटतं. पण विकराला अडवणाऱ्या द्रव्यावर माझ्यासारखीच्या सर्ट्रालिनची भर पडली, तर शरीरात सेरोटोनिन बेसुमार वाढू शकतं. ताप, थरथर, झटके, कधी मृत्यूही. आणि शिबिरासाठी अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणं हा वेगळाच धोका. घरात कुणाला सायकोसिस किंवा बायपोलर आजार असेल, तर या वाटेला जाऊच नये. डीएमटी आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा सामानातून आणण्याचा विचारही नको.

चिठ्ठी नसलेल्या गिऱ्हाईकाला झोपेची गोळी नाकारणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे त्या म्हातारीत मला माझ्याच धंद्यातली एक जाणती बाई दिसली.

रात्री गवताने शाकारलेल्या गोल मंडपात गाद्या टाकलेल्या होत्या. प्रत्येकाजवळ उलटीसाठी प्लास्टिकची बादली. मापाचो तंबाखूचा धूर, आग्वा दे फ्लोरिदा या सुगंधी पाण्याचा वास. दिवे मालवले आणि थोड्या वेळाने आजीने इकारो म्हणायला सुरुवात केली. ही त्यांची उपचाराची गाणी. ती एकेका रोग्यासमोर बसून त्याच्यासाठी गायची. माझ्यासमोरही बसली, पेय प्यायलेल्यांसमोर बसली तितकाच वेळ. नातवाने नंतर सांगितलं की पूर्वी असंच असायचं. वैद्य प्यायचा, रोग पारखायचा आणि गायचा. रोग्याला प्यावं लागेलच असं नव्हतं. सगळ्यांना पेला हवाच, ही मागणी बाहेरच्यांनी आणली.

दिवसा पाल्याच्या पाण्याने आंघोळ आणि पथ्य. मीठ, साखर, तेल, तिखट, डुकराचं मांस, दारू, शरीरसंबंध, सगळं बंद. उकडलेली केळी, भात, नदीतला मासा. फिरायला म्हणून आलेला एक जण कंटाळून निघून गेला.

मी बरी झाले का? झोप सुधारली, हे खरं. पण ती गाण्यांनी, पथ्याने, मोबाइल बंद असल्याने की नुसत्या हवापालटाने, हे एका बाईच्या अनुभवावरून कुणालाच सांगता येणार नाही आणि माझी साक्ष पुरावा म्हणून कुणी धरू नये. पुरावा हवा असेल तर ब्राझीलमधल्या नाताल शहरातला प्रयोग पाहावा. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे 29 रुग्ण घेतले. एका मात्रेनंतर आठवड्याने अयाहुआस्का घेणाऱ्यांतले 64 टक्के सुधारले, नकली पेय घेणाऱ्यांतले 27 टक्के. आशा वाटावी असे आकडे आहेत, पण रुग्ण थोडे आणि काळ छोटा.

इथे माझे विवेकवादी मित्र मला अडवतात. गावातल्या भगताकडे जाऊ नका म्हणतेस आणि स्वतः सातासमुद्रापार जातेस? प्रश्न रास्त आहे. आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा साप किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवतो. त्या कायद्याची रेघ मला बरोबर वाटते. जो डॉक्टरला आडवा येतो, तो अघोरी. आजी माझ्या डॉक्टरला आडवी आली नाही, उलट तिने त्याचा मान ठेवला. आदिवासी म्हटला की प्रत्येक भगत भोंदू, हे जसं आळशी मत, तसंच आदिवासी म्हटला की प्रत्येक वैद्य पावन, हेही. अॅमेझॉनमध्ये परदेशी तरुण शिबिरात मेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि नकली वैद्य तिथेही आहेत.

नकली वैद्यांचं पीक का आलं, याचं उत्तर बाजारात आहे. आठवड्याला हजार डॉलर मोजलेला माणूस रिकामा पेला घेऊन बसणार नाही. शिबिराचा मालक परदेशी आणि शिपिबो वैद्य पगारी असेल, तर त्या वैद्याने कुणाला नाही म्हणायचं? पेरूच्या राष्ट्रीय संस्कृती संस्थेने 2008 मध्ये अयाहुआस्काचा पारंपरिक वापर देशाचा वारसा म्हणून जाहीर केला आणि संदर्भ सोडून चाललेला धंदेवाईक वापर त्यापासून वेगळा काढला. कागदावर रेघ आखली गेली, व्यवहारात ती पुसट आहे.

ही कहाणी जुनी आहे. 1955 मध्ये मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात मारिया साबिना या मासातेक वैद्यबाईने गॉर्डन वॉसन या न्यूयॉर्कच्या बँकरला आपल्या पवित्र अळंब्यांच्या रात्रजागरात बसू दिलं. 1957 मध्ये 'लाइफ' मासिकात त्याचा लेख आला आणि गावावर परदेशी तरुणांचे लोंढे आले. पोलिसांचा ससेमिरा लागला, गावाने तिलाच दोषी धरलं, तिचं घर जाळलं गेलं. वॉसनने पुढे आपल्या वेदांतला सोम म्हणजेही अळंबीच, असं मांडणारा ग्रंथ लिहून नाव कमावलं. साबिना 1985 मध्ये गरिबीतच वारली.

शिपिबोंचं दुःख याहून ताजं आहे. 19 एप्रिल 2018 रोजी यारिनाकोचाजवळच्या वस्तीत ऑलिविया आरेवालो या 81 वर्षांच्या वैद्यबाईला गोळ्या घालून मारलं. संशय तिथे उपचार शिकायला येणाऱ्या एका कॅनेडियनावर गेला आणि जमावाने त्यालाही ठार केलं. दोन्ही मृत्यू भयंकर. तिच्याबरोबर किती गाणी गेली, याची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात नाही.

कायद्याच्या दारातही या लोकांच्या 'नाही'ला किंमत नव्हती. 1986 मध्ये एका अमेरिकनाने अयाहुआस्काच्या वेलीवर पेटंट मिळवलं. अॅमेझॉनच्या आदिवासी संघटनांनी हरकत घेतल्यावर 1999 मध्ये ते नाकारलं गेलं. कशाच्या आधारावर? ही वेल आमच्यासाठी पवित्र आहे, या म्हणण्यावर नव्हे. शिकागोच्या संग्रहालयात त्या वेलीचे वाळवलेले नमुने आधीपासून होते म्हणून. 2001 मध्ये ते पेटंट पुन्हा जिवंत झालं आणि 2003 मध्ये मुदत संपून गेलं. आपल्याला हळदीची लढाई आठवते. अमेरिकेने 1995 मध्ये दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने 1997 मध्ये रद्द करवलं. तेव्हा आपल्या हातात छापील ग्रंथ आणि शोधनिबंध होते. ज्यांचं ज्ञान गाण्यात आहे, त्यांनी काय दाखवायचं?

आणि जंगलच गेलं तर गाणंही कुठे राहील? पुकाल्पाजवळच्या सान्ता क्लारा दे उचुन्या या शिपिबो गावाची हजारो हेक्टर वनजमीन पामतेलाच्या लागवडीखाली गेली. 2020 मध्ये करोनाने रुग्णालयं कोलमडली, तेव्हा शिपिबो तरुणांनी 'कोमांदो मातिको' नावाचं पथक काढून मातिकोच्या पाल्याची वाफ आणि काढा घरोघर दिला. त्याने किती जीव वाचले हे मोजलेलं नाही. पण कुणीच दारात येत नव्हतं तेव्हा कुणीतरी आलं. दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या नळकांड्यासाठी सांगलीभर फिरलेल्या मला त्याची किंमत कळते.

आपल्याकडे चित्र फार वेगळं नाही. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडापासून कॅम्प्टोथेसिन मिळतं. आयरिनोटेकॅनसारखी कर्करोगावरची औषधं त्यापासून बनतात. त्यापायी घाटातली झाडं मुळासकट उपटून बाहेर गेली. केरळात वाटाडे म्हणून सोबत असलेल्या कानी आदिवासींनी 1987 मध्ये शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, त्यातून 'जीवनी' हे औषध आलं. परवाना शुल्क आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा कानींना द्यायचं ठरलं आणि जगाने पाठ थोपटली. पण वाटाडे बोलले म्हणजे सगळी जमात बोलली का, असं विचारणारे कानी वैद्यही होतेच.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणल्या. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुढे आणलेल्या लोक जैवविविधता नोंदवहीच्या कल्पनेला त्याने जागा दिली. पण वनस्पती वापरायला परवानगी देताना या समित्यांचा फक्त सल्ला घ्यायचा आहे, संमती नाही. त्यात 2023 च्या दुरुस्तीने आयुष वैद्यांना आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना सवलती दिल्या. ग्रंथातलं ज्ञान संहिताबद्ध. ठाकर, वारली, गोंड आजीच्या तोंडातलं ज्ञान ग्रंथात शिरलं की तेही संहिताबद्ध होणार.

म्हणून पेरूला निघालेल्या तरुणांना माझं सांगणं आहे की पैसे भरण्याआधी दृश्यांची चौकशी करू नका. जमीन कुणाच्या नावावर आहे, पैसे कुणाच्या हातात पडतात, वेल लावतात की नुसती तोडतात, आणि यंदा किती जणांना परत पाठवलं, हे विचारा. कुणालाच परत पाठवलं नसेल, तर ते उपाहारगृह आहे. आणि आपल्या सरकारला सांगणं आहे की सल्ल्याच्या जागी ग्रामसभेची संमती आणा. नफ्यातला वाटा हा त्यानंतरचा हिशोब. आधी विचारा, आणि 'नाही' असं उत्तर आलं तर ते उत्तर म्हणून मान्य करायची तयारी ठेवून विचारा.