पीएसएमए पेट स्कॅन: ठिपका दिसतो, पण त्याचा अर्थ काय?

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेट कॅन्सर झाल्याचं जाहीर झालं. ग्लीसन स्कोअर ९, आणि कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचलेला. चर्चा झाली ती मुख्यतः पीएसए टेस्ट वेळेत झाली होती का, यावर. पण त्या बातमीतला दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. कॅन्सर शरीरात कुठे कुठे पोहोचलाय, हे डॉक्टरांना कळतं कसं?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बरंच बदललंय. आता पेशंटच्या शिरेत किरणोत्सारी पदार्थाचं छोटं इंजेक्शन देतात, तासभर थांबतात आणि पेट स्कॅन काढतात. कॅन्सर असलेल्या जागा चमकतात. तंत्रज्ञान म्हणून हे भारीच आहे. पण चमकणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचं काय करायचं, हे अजून पूर्ण ठरलेलं नाही. आणि हा ठिपका कुणाच्या तरी वडिलांच्या रिपोर्टमध्ये असतो, म्हणून हे समजून घ्यायला हवं.

आधी काय होतं?

पूर्वीची पद्धत म्हणजे सीटी स्कॅन आणि बोन स्कॅन. सीटीमध्ये लसिकाग्रंथी मोठी झाली तरच संशय येतो. साधारण ८ ते १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीत कॅन्सर असला तरी ती नॉर्मल दिसू शकते. बोन स्कॅन तर कॅन्सर बघतच नाही. कॅन्सरमुळे हाडात जी दुरुस्ती सुरू होते, ती त्याला दिसते. म्हणजे दोन्ही स्कॅन आजाराच्या परिणामांवरून अंदाज बांधतात.

पत्ता लिहिलेलं पाकीट

प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं. निरोगी पेशींवरही ते असतं, पण कॅन्सरच्या पेशींवर कितीतरी पटींनी जास्त. ट्रेसरचे दोन मुख्य भाग असतात: या प्रथिनाला जाऊन चिकटणारा छोटा रेणू आणि त्याला जोडलेला किरणोत्सारी अणू. रेणू म्हणजे पाकिटावरचा पत्ता, अणू म्हणजे आतला दिवा.

गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ हे अणू पॉझिट्रॉन बाहेर टाकतात. पॉझिट्रॉन काही मिलिमीटरच्या आत एका इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नष्ट होतात आणि त्या जागेवरून दोन गॅमा फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. स्कॅनरच्या गोल कड्यात हजारो डिटेक्टर असतात. समोरासमोरच्या दोन डिटेक्टरना काही नॅनोसेकंदांच्या आत फोटॉन मिळाले, तर सॉफ्टवेअर त्यांच्यामध्ये एक रेषा धरतं: स्रोत याच रेषेवर कुठेतरी आहे. अशा कोट्यवधी रेषा जमल्या की त्या कुठे दाट होतात त्याचं गणित मांडून चित्र तयार होतं. पेट स्कॅनमध्ये दिसणारा ठिपका हा फोटो नसून हिशेबाचं उत्तर आहे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

हे खरंच जास्त चांगलं आहे का?

हो. ऑस्ट्रेलियात १० हॉस्पिटलांमध्ये झालेली प्रोपीएसएमए चाचणी २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. धोका जास्त असलेल्या ३०२ पुरुषांची त्यात दोन गटांत विभागणी केली होती. सीटी आणि बोन स्कॅनची अचूकता ६५ टक्के आली, पीएसएमए पेट-सीटीची ९२ टक्के. शिवाय किरणोत्साराचा डोसही कमी: १९.२ ऐवजी ८.४ मिलिसिव्हर्ट. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने गॅलियमवाल्या ट्रेसरला मंजुरी दिली, तीही सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांपुरतीच. मे २०२१ मध्ये फ्लोरिनवाला ट्रेसर मंजूर झाला.

घड्याळाशी शर्यत

गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं आहे, फ्लोरिन-१८ चं ११० मिनिटं. ट्रेसर तयार करून गाडीने चार तास लांब पाठवला, तर पोहोचेपर्यंत फ्लोरिन साधारण २२ टक्के उरतं आणि गॅलियम जेमतेम ९ टक्के. म्हणून फ्लोरिन सायक्लोट्रॉनमध्ये मोठ्या प्रमाणात बनवून आसपासच्या शहरांत पाठवता येतं, तर गॅलियम बहुतेक वेळा हॉस्पिटलमध्येच जनरेटरमधून काढतात. त्या जनरेटरमध्ये जर्मेनियम-६८ असतं, ज्याचं अर्धायुष्य २७१ दिवस आहे. ते हळूहळू गॅलियम बनत राहतं आणि काही तासांनी पुन्हा काढता येतं. या क्षेत्रातले लोक जनरेटरला गमतीने 'गाय' म्हणतात. दूध काढा, थांबा, पुन्हा काढा. तुमच्या जिल्ह्याच्या गावी हा स्कॅन मिळणार की मोठ्या शहरात जावं लागणार, हे बरंचसं या आकड्यांवर ठरतं.

आता अडचण

पीएसएमए या नावात 'प्रोस्टेट-स्पेसिफिक' आहे, पण हे प्रथिन तितकं एकनिष्ठ नाही. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडं आणि लहान आतडं एरवीही चमकतात. जुळत आलेलं फ्रॅक्चर चमकू शकतं. क्षयरोगाची गाठही चमकू शकते, आणि भारतात ही शक्यता सोडून देता येत नाही. काही फ्लोरिन ट्रेसरमध्ये बरगडीवर एखादा फिकट ठिपका दिसतो, ज्याचा कॅन्सरशी काहीच संबंध नसतो.

उलट बाजूही आहे. काही प्रोस्टेट कॅन्सर पीएसएमए फारसं बनवतच नाहीत, आणि त्यातले काही बरेच आक्रमक असतात. त्यांना दिवा लागतच नाही. शिवाय आजार अगदी थोडा असेल तर सिग्नल कमी पडतो. ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा वाढू लागलेल्या पेशंटांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० मध्ये आला. पीएसए ०.२ च्या खाली असताना गॅलियम स्कॅनमध्ये साधारण ३३ टक्के जणांतच काही सापडलं, २ च्या वर असताना ९५ टक्के जणांत. म्हणून 'स्कॅन क्लीन आहे' याचा अर्थ 'आजार नाही' असा होत नाही. युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून गरजेचं रेडिएशन पुढे ढकलू नका.

त्याहून खोल अडचण आकडेवारीची आहे. समजा दोन गट आहेत. 'पसरलेला नाही' गटातले तिघे निदानानंतर १२, १० आणि ५ वर्षं जगतात. सरासरी ९. 'पसरलाय' गटातले दोघे २-२ वर्षं जगतात. सरासरी २. आता नवा स्कॅन आला आणि ५ वर्षंवाल्या माणसात एक छोटा ठिपका सापडला, म्हणून तो दुसऱ्या गटात गेला. पहिल्या गटाची सरासरी झाली ११, दुसऱ्याची ३. दोन्ही गट सुधारले, पण एकही माणूस एक दिवससुद्धा जास्त जगला नाही! वैद्यकशास्त्रात याला विल रॉजर्स फिनॉमिनन म्हणतात.

मुद्दा असा की कोणत्या टप्प्यात कोणता उपचार द्यायचा, याचे बरेचसे नियम जुन्या स्कॅनवर आधारलेल्या चाचण्यांतून आले आहेत. जुन्या स्कॅनमध्ये 'पसरलाय' म्हणजे मोठा, स्पष्ट आजार. नव्या स्कॅनमध्ये तो ४-५ मिलिमीटरचा एक ठिपकाही असू शकतो. मॉनिटरिंग टूल बदललं आणि अलर्टचे थ्रेशोल्ड मात्र जुनेच ठेवले, तसं काहीसं. एका ठिपक्यामुळे बरा होऊ शकणारा माणूस 'आता फक्त नियंत्रण' या रांगेत जाऊन बसला, तर चांगल्या स्कॅनने त्याचं नुकसानच केलं म्हणायचं.

दिव्याच्या जागी औषध

या तंत्राचा सगळ्यात ठोस फायदा दुसरीकडेच आहे. पत्ता तोच ठेवायचा आणि दिव्याच्या जागी ल्युटेशियम-१७७ जोडायचं. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास आहे, आणि त्यातून निघणारे बीटा कण दोन मिलिमीटरच्या आतच पेशींना मारतात. 'व्हिजन' चाचणीत ८३१ पेशंट होते, सगळे आजार खूप पुढे गेलेले. या औषधाने सरासरी आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेलं (इथे सरासरी म्हणजे मध्यक). मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये ती केमोथेरपीच्या आधीच्या काही पेशंटांसाठीही वाढवली. लाळग्रंथींवरही तोच पत्ता असल्यामुळे तोंड कोरडं पडणं हा नेहमीचा त्रास. इथे स्कॅन फार नेमकं काम करतो: ठिपके चमकले नाहीत, तर औषधही तिथे पोहोचणार नाही, हे आधीच कळतं. यात आपल्याकडचा धागा थेट आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होतं.

घरात कुणाला हा स्कॅन सांगितला तर

एक म्हणजे, ही स्क्रीनिंग टेस्ट नाही. पीएसए नुसती ग्रंथी वाढल्याने किंवा इन्फेक्शननेही वाढतो. त्यामुळे नेहमीचा क्रम आधी एमआरआय, मग बायोप्सी असाच असतो. पीएसएमए स्कॅन येतो तो मुख्यतः धोका जास्त असेल तेव्हा, किंवा उपचारानंतर पीएसए पुन्हा चढू लागला तर.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या स्कॅनच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? एकच ठिपका आला, तर तो बायोप्सीने किंवा दुसऱ्या स्कॅनने तपासणार का? आणि ठिपका आला नाही, तरी उपचार सुरू करायचा का?

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रिपोर्ट हातात यायच्या आधी विचारलेला बरा.