रुक्मिणीच्या मुलखातले आंदण

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. दरवर्षी इथून पालखी पंढरपूरला निघते. गावाची ही लाडकी लेक सासरी गेली ती मात्र आंदणाशिवाय! कथेत तिने पत्र धाडले, श्रीकृष्णाचा रथ आला आणि ती निघाली. त्या रथात ना पलंग होता, ना आलमारी. तिच्याच वऱ्हाडात आज लेकीचे लग्न ठरले, की बापापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो फर्निचरचा.

दिवाण, सोफा, आलमारी, ड्रेसिंग टेबल. ही यादी कोणी मागत नाही, पण ती कोणाला चुकतही नाही. हुंडा मागणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. न मागितलेल्या आंदणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र कोणता कायदा थांबवणार? कपाशीच्या भावावर घर चालवणाऱ्याने नवाकोरा सोफा उधारीवर घ्यायचा आणि तीन वर्षांत त्याची फळी फुगलेली पाहायची, यात कसली प्रतिष्ठा?

आपल्याकडे मेळघाटचे सागवान आणि परतवाड्याचा लाकूडबाजार प्रसिद्ध. जुन्या वाड्यांतून, बदली होऊन जाणाऱ्या नोकरदारांच्या घरांतून त्या सागवानाचे पलंग, टेबले आजही विकायला निघतात. अशा लाकडाने वऱ्हाडातले कित्येक उन्हाळे सोसलेले असतात. जे आकसायचे ते आकसून गेलेले असते. उलट आजच्या स्वस्त फर्निचरमध्ये बहुधा भुसा दाबून केलेली फळी असते. कूलरचे पाणी लागले की ती फुगते, आणि एकदा निघालेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही.

अर्थात जुने ते सारेच सोने नव्हे. पॉलिशच्या चकाकीकडे पाहू नये; वस्तू उलटी करून पाहावी. खालची बाजू आणि ड्रॉवरचे आतले लाकूड खोटे बोलत नाही. कडेला पातळ पापुद्रा सुटलेला दिसला, तर आत प्लायवूड आहे असे समजावे. बारीक छिद्रे आणि त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर आत भुंगेरा जिवंत आहे. मातीची रेघ दिसली, तर वाळवी. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. खुर्चीवर बसून हलून पाहावे. सांधा सैल असेल तर सुतार दुरुस्त करील, पण पाय तडकला असेल तर तो सौदा सोडावा.

गोदरेज कंपनी १९२३ पासून लोखंडी कपाटे करते आणि अशी कपाटे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. तरीही तळाचा पत्रा गंजला आहे का, कुलूप किल्लीने सहज फिरते का, हे पाहावेच. नवा रंग गंज झाकायलाही दिलेला असतो. जुनी गादी आणि गुबगुबीत सोफा मात्र टाळावा. शिवणीत लपलेले ढेकूण घरभर पसरायला वेळ लागत नाही.

निघताना टेप बरोबर न्यावा आणि आपल्या दाराची रुंदी कागदावर लिहून घ्यावी. पलंग जिन्यात अडकला, की स्वस्ताई तिथेच संपते. किमतीत हमाली, टेम्पोचे भाडे, सुताराची मजुरी आणि पॉलिश मिळवावे. ही बेरीज नव्याच्या जवळ जात असेल, तर नवेच घ्यावे. घासाघीस जरूर करावी. पण पावती मागायला विसरू नये. चोरीचा माल आपल्या माथी येऊ नये, यासाठी तो कागद हवा.

राहिला प्रश्न लोकांचा. ते आज सोफा पाहतील, उद्या विसरतील. व्याज मात्र बापच भरील. आंदणाच्या यादीत जुना सागवानी पलंग लिहावा, आणि त्यात वाचलेल्या पैशांचे, लेकीच्या नावाचे पासबुक त्याच्या शेजारच्या ओळीत लिहावे.