वाऱ्याची अनुमती

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक निराळाच प्रश्न डोकावू लागला आहे. मुले सुटीत हिमाचलात निघाली आहेत. तेथे म्हणे डोंगरावरून कापडी पंखाला टांगून घेऊन आकाशात विहरण्याची सोय झाली आहे. तर त्यांना जाऊ द्यावे काय? एका भगिनीने तर पुढे जाऊन विचारले आहे, की मुलांबरोबर आपणही उडावे काय, की या वयात ते शोभणार नाही? शोभण्या-न शोभण्याचा निवाडा मी करीत नाही. एकोणसाठाव्या वर्षी मी स्वतः उडून आले आहे, तेव्हा त्या बाबतीत माझे मत निःपक्षपाती मानता यावयाचे नाही. परंतु उडण्यापूर्वीच्या दिवशी मी एक उड्डाण नाकारले होते, आणि त्या नकाराविषयीच आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, धौलाधार पर्वतरांगेच्या पायथ्याशी बीर नावाचे गाव आहे. आपल्या मराठी कानाला ते प्रथम ‘बीड’ असेच ऐकू येते. आणि योगायोग असा, की आपल्या बीड जिल्ह्यात जसे परळी वैजनाथ, तसे या बीरच्या जवळच बैजनाथाचे प्राचीन शिवमंदिर आहे. बीरहून सुमारे चौदा किलोमीटरांचा वळणावळणांचा रस्ता ओक आणि देवदारांच्या रानातून वर चढतो आणि बिलिंग नावाच्या हिरव्या उतारावर येऊन थांबतो. हा उतार समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, आणि उतरावयाचे मैदान त्याच्या साधारण एक हजार मीटर खाली. २०१५ साली पॅराग्लायडिंगच्या विश्वचषक स्पर्धेचा एक टप्पा येथे भरला होता. त्यानंतर हे नाव देशभर झाले, आणि आज नवशिक्या प्रवाशांची तेथे रीघ लागलेली असते.

नवशिक्याने एकट्याने उडावयाचे नसते. एकाच पंखाखाली दोन आसने असतात. पुढे प्रवासी आणि मागे वैमानिक. पंख म्हणजे तरी काय? बळकट नायलॉनचे दोन थर आणि त्यांमध्ये ओळीने शिवलेले कप्पे. कप्प्यांची तोंडे पुढील बाजूस उघडी असतात. धावताना त्यांत वारा शिरतो, आतील हवेचा दाब वाढतो आणि निर्जीव कापड पक्ष्याच्या पंखाचा आकार धारण करते. त्यात ना काठी, ना सळई. दोघांना पेलणाऱ्या अशा पंखाचे क्षेत्रफळ सुमारे चाळीस चौरस मीटर असते. म्हणजे आपल्याकडील मध्यमवर्गीयाचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड त्यावर सहज पसरावे! अशा कप्प्यांच्या छत्राची कल्पना अमेरिकेत डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केली. पुढे १९७८ साली फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील मियुसी या गावी तीन हौशी छत्रीधारकांनी विमानातून उडी घेण्याऐवजी डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन आकाश गाठले, आणि या खेळाचा विस्तार तेथून झाला.

आम्ही बीरला गेलो ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. यजमान, चिरंजीव, सूनबाई आणि मी असे चौघे होतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या बसची तिकिटे आधीच काढलेली होती. सकाळी सामानाच्या आवराआवरीत उशीर झाला, आणि जीपने बिलिंगला पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले. धौलाधारच्या माथ्यावर तोवर ढगांनी ठाण मांडले होते. काठीला बांधलेली वाऱ्याची फीत क्षणात वर उसळे, क्षणात आडवी होई, तर क्षणभर अगदी मलूल होऊन पडे. आमचा वैमानिक तिशीच्या आतबाहेरचा, मितभाषी असा पहाडी तरुण होता. त्याने फितीकडे पाहिले, ढगांकडे पाहिले आणि पसरलेले कापड तो गोळा करू लागला. “आज नहीं, माताजी,” एवढेच तो म्हणाला. त्याने पैसे परत करू केले; सकाळी यावे असेही सांगितले.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. सकाळपर्यंत थांबायचे, तर बस चुकण्याचा संभव. इतक्यात दुसरा एक गृहस्थ पुढे झाला. वारा काही इतका वाईट नाही, दहा मिनिटांचे तर काम, शिवाय दरही कमी, असे तो हसत हसत सांगू लागला. चिरंजीवांचा हात पाकिटाकडे गेला.

वाचकहो, त्या क्षणी माझी जी अवस्था झाली ती आईपण अनुभवलेल्या प्रत्येकीला समजेल. मला उड्डाणाचे भय वाटत होते, आणि आदल्या रात्रीपासून वाटत होते. म्हणून आता ‘नको’ म्हटले तर ते भयापोटीच, असे मुलगा धरून चालणार. आणि तसे ते नाहीच, हे मला तरी छातीठोकपणे कोठे सांगता येत होते? मी त्या गृहस्थास तीन प्रश्न विचारले. आपली नोंदणी पर्यटन खात्याकडे झाली आहे काय? आपत्कालीन दुसरी छत्री आसनाला आहे काय? आणि वारा चांगला आहे, तर इतर वैमानिक आपापली कापडे का गुंडाळीत आहेत? पहिल्या प्रश्नाला तो हसला, दुसऱ्याला “तिची गरज पडत नाही” म्हणाला, आणि तिसऱ्याचे उत्तर त्याने दिलेच नाही. मी मुलाचा हात धरला आणि म्हटले, “आज आपल्यापैकी कोणीही उडायचे नाही.”

“आई, तुला भीतीच वाटते आहे, ते सरळ सांग ना,” तो म्हणाला. सूनबाई दूर डोंगराकडे पाहू लागली. जीपमधून खाली येताना कोणी कोणाशी बोलले नाही.

आता खरी गोष्ट सांगते. त्या गृहस्थाने थोड्याच वेळात दुसरा एक प्रवासी गाठला, त्याला घेऊन तो उडाला, आणि दोघेही सुखरूप खाली उतरले. संध्याकाळी चिरंजीवांनी ही वार्ता मुद्दाम मला येऊन सांगितली. माझ्यापाशी त्यावर उत्तर नव्हते. रात्रभर विचार केला, तेव्हा ते सुचले. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा माणूसही पुष्कळदा पलीकडे सुखरूप पोहोचतो. म्हणून काही डोळे मिटणे शहाणपणाचे ठरत नाही. परिणाम चांगला झाला, एवढ्यावरून निर्णय चांगला होता असे होत नाही. भय आणि सावधगिरी या सख्ख्या बहिणी खऱ्या, त्यांच्या चेहऱ्यांतही साम्य आहे. परंतु दोघींची वागणूक भिन्न. भय प्रश्न विचारीत नाही, ते नुसते पळ काढते. सावधगिरी प्रश्न विचारते, उत्तराची वाट पाहते, आणि उत्तर समाधानकारक मिळाले तर पाऊल पुढे टाकते. मी प्रश्न विचारले होते. आता पाऊल टाकावयाचे उरले होते. बसची तिकिटे रद्द केली. निम्मे पैसे बुडाले, ते बुडू दिले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास आम्ही पुन्हा बिलिंगवर होतो. आकाश धुतल्यासारखे निर्मळ होते आणि फीत उताराच्या दिशेने एकसारखी, संथपणे फडफडत होती. वारा खालून वर, तोंडावर येत होता, आणि उड्डाणाला तोच हवा असतो. माझ्या मांड्यांभोवतीचे दोन पट्टे, छातीवरचा एक, शिरस्त्राणाची कडी, आणि आसन पंखाला जोडणाऱ्या दोन्ही कड्या वैमानिकाने एकेक करून हाताने ओढून पाहिल्या, आणि मलाही ओढून पाहावयास लावल्या. मग एकच सूचना दिली. मी सांगेन तेव्हा धावायचे, आणि पाय अधांतरी झाले तरी धावतच राहायचे. मध्येच बसायचे नाही. पुष्कळांची चूक तेथेच होते. पंखाने भार पुरता उचलण्याआधी माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसकण मारतो, आणि धाव मोडते.

“दौड़िए!” असा आवाज आला. मागे सळसळ झाली, कोणीतरी खांद्यांना धरून मागे ओढावे तसे वाटले. चार पावले, सहा पावले... सातवे पाऊल टाकले, तो खाली जमीनच नव्हती!

यापुढचे वर्णन अतिशयोक्त वाटेल, म्हणून थोडक्यात सांगते. पडण्याची भावना मुळीच होत नाही. पोटात खड्डा पडत नाही. आपण स्थिर आहोत आणि पृथ्वीच हळूहळू खाली चालली आहे, असा भास होतो. आवाज एवढाच, की दोऱ्यांतून वारा सुसाटतो, आणि वैमानिकाजवळचे उंची मोजणारे यंत्र मधूनमधून ‘टीं टीं’ करते. ते यंत्र वाजू लागले, की आपण वर चढत आहोत असे समजावे. हा पंख मुळात सतत खालीच येत असतो. स्थिर हवेत सेकंदाला मीटरभर किंवा किंचित अधिक. एक हजार मीटर उतरावयाचे, म्हणजे हिशेबाने पंधरा मिनिटांचा खेळ. परंतु दक्षिणेकडे तोंड केलेल्या या उतारांवर ऊन पडले, की जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापते आणि हलकी होऊन वर उठते. त्या ऊर्ध्वगामी प्रवाहात घिरट्या घालीत राहिले, तर कापडाचा हा पंख पुन्हा उंची मिळवतो. प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. मग तो शोधावयाचा कसा? माझ्या वैमानिकाने बोट दाखविले. आमच्या डावीकडे एक विशाल हिमालयी गिधाड पंख न हलविता वर्तुळे घेत वर चढत होते. आम्ही त्याच्या वाटेला लागलो, आणि यंत्र वाजू लागले. ज्या पक्ष्याला आपण अशुभ मानले, तो येथे वाटाड्या झाला होता.

पाठीशी धौलाधारची हिमरेषा, पायांखाली देवदारांची रांग. पुढे पायऱ्यापायऱ्यांची शेते, चहाचे मळे आणि तिबेटी वसाहतीतील विहारांची सोनेरी छपरे. सुमारे वीस मिनिटे झाली असतील. मैदान जवळ येताच वैमानिकाने पाय सरळ करावयास सांगितले, दोन्ही हातांतील दोऱ्या खाली ओढल्या. पंख क्षणभर थबकला, आणि जिन्याची शेवटची पायरी उतरावी तशी मी भुईवर उभी राहिले. डोळ्यांत पाणी होते. ते वाऱ्याने आले असे मी सर्वांना सांगितले.

आता पत्रलेखक भगिनीच्या प्रश्नाकडे वळते. जावे काय? अवश्य जावे, परंतु पुढील गोष्टी ध्यानात ठेवून. हिमाचलात या खेळासाठी २००४ पासून शासनाचे नियम आहेत. वैमानिकाची नोंदणी पाहावयास मागण्यात संकोच कसला? पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, तेथे उड्डाणास बंदी असते. त्या काळात कोणी नेतो म्हणाला तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. हृदयविकार, पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भवती स्त्रीने हा मोह टाळावा. आपले खरे वजन सांगावे, त्यात लाज नाही. पंख वजनावरूनच निवडतात. पोटभर जेवून जाऊ नये, तसेच अगदी उपाशीही जाऊ नये. घट्ट बांधलेले बूट आणि एक स्वेटर जवळ असावा. साडीऐवजी सलवार किंवा विजार नेसावी. आकाशातील कसरतींना नम्रपणे नकार द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पट्टे आणि कड्या स्वतः हाताने ओढून पाहाव्यात. डिसेंबर २०२२ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात आपल्याच महाराष्ट्रातून गेलेला एक तरुण अशा उड्डाणातून खाली पडून मृत्युमुखी पडला. त्याच्या घरच्यांचे स्मरण ठेवले, तर पट्टे तपासण्यात घालवलेली दोन मिनिटे कोणालाही जड वाटणार नाहीत.

हिमालय ज्यांना दूर आहे त्यांनी निराश होऊ नये. पुणे जिल्ह्यात कामशेतजवळच्या टेकड्यांवरही पावसाळा सरल्यावर हा खेळ चालतो, आणि तेथे रीतसर शिक्षणही मिळते. डोंगर लहान असले, तरी वारा तोच आणि नियमही तेच.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या सकाळी माझ्या आधी चिरंजीवांचा क्रम होता. पट्टे बांधून होताच त्याने आपल्या वैमानिकाला हळूच विचारले, “भाई साहब, दुसरी छत्री आहे ना?” मी चार पावलांवर उभी होते, पण ऐकले नाही असे दाखविले. मुलांनी आपले ऐकले, हे आपल्याला कळले आहे असे त्यांना कळू देऊ नये. संसारात काही नियम शासनाने केलेले नसतात, ते आपणच पाळावयाचे असतात.