घरचे आरोग्य : ‘इग्रा’ पॉझिटिव्ह म्हणजे क्षय झाला का?

घरात कुणाला फुप्फुसाचा क्षय निघाला, की डॉक्टर बाकीच्या माणसांनाही तपासून घ्यायला सांगतात. अशा वेळी ‘इग्रा’ नावाची रक्ततपासणी पुष्कळदा होते. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ दिसले, की घाबरगुंडी उडते. मुलीचे ताट-वाटी वेगळी होते, सुनेला तिच्याच तान्ह्या बाळापासून दूर ठेवतात, जमत आलेले लग्न मोडते. अन् हे कशापायी? तर रिपोर्टचा अर्थ नीट न कळल्यापायी!

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते पोचवणारी काही प्रथिने असतात; ‘इंटरफेरॉन गॅमा’ हे त्यांतलेच एक. क्षयाच्या जंतूशी ज्यांची गाठ पडलेली असते, त्या पेशींना त्याची प्रथिने पुन्हा दिसली की त्या हा निरोप्या सोडतात. इग्रात मोजतात तो हा निरोप्या, जंतू नव्हे. एवढे लक्षात ठेवलेत तरी अर्धी भीती जाईल.

प्रचलित पद्धतीत चार नळ्यांत मिळून जेमतेम ४ मिलिलिटर रक्त घेतात. पहिली नळी साधी, दोन नळ्यांत क्षयजंतूच्या प्रथिनांचे अंश, आणि चौथीत धडधाकट पेशींना हमखास जागे करणारे द्रव्य. नळ्या ३७ अंशांच्या उबेत १६ ते २४ तास ठेवतात. मग वरच्या पिवळसर द्रवाची ‘एलायझा’ तपासणी करतात. ही युक्ती १९७१ साली प्रसिद्ध झाली. आप्पेपात्रासारख्या, पण ९६ बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत निरोप्याला पकडणारी प्रतिपिंडे तळाशी चिकटवलेली असतात. त्यांनी पकडलेल्या निरोप्यावर दुसरे, रंग आणणारे प्रतिपिंड बसवतात. रंग जितका गडद, तितका निरोप्या जास्त. यंत्र तो रंग मोजते.

साध्या नळीचा आकडा वजा करून ०.३५ किंवा त्याहून जास्त उरला, की सामान्यतः ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. आकडा या सीमेच्या आसपास असेल, तर पुन्हा केलेल्या तपासणीत तो इकडचा तिकडेही होतो. ‘इंडिटरमिनेट’ आले, तर रक्ताने स्पष्ट उत्तर दिले नाही असे समजावे. आणि बरं का, आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असे मुळीच नाही.

मग पॉझिटिव्हचा अर्थ काय? जंतू केव्हातरी शरीरात शिरला आहे, इतकाच. तो झोपलेला आहे की जागा, हे इग्रा सांगत नाही. त्यासाठी डॉक्टर खोकला, ताप, वजन यांची चौकशी करतात, छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असला आणि कसलीच तक्रार नसली, तर तो सुप्त संसर्ग. अशा माणसापासून कुणालाही लागण होत नाही. शिवाय क्षय हवेतून पसरतो, ताटावाटीतून नव्हे! सुप्त संसर्ग असलेल्या शंभरांपैकी साधारण ५ ते १० जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी आजार होतो. तोही टळावा म्हणून प्रतिबंधक गोळ्या असतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. डॉक्टरांनी दिल्या, तर मध्येच सोडू नका.

आणखी तीन गोष्टी गाठीशी बांधा. पाच वर्षांखालचे मूल रुग्णाच्या घरात असेल, तर इग्रासाठी अडून बसू नका, त्याला लगेच दाखवा. दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर इग्रा निगेटिव्ह आली तरी थुंकी तपासून घ्या. आणि गोळ्या संपल्यावर ‘गुण आला का’ म्हणून पुन्हा इग्रा करू नका. ती पुढेही पॉझिटिव्ह राहू शकते. पैसे मात्र जातील.

तेव्हा रिपोर्ट हाती आला, की आधी डॉक्टरांना विचारा, ‘झोपलेला की जागा?’ त्याचे उत्तर मिळेपर्यंत लेकीसुनांना वाळीत टाकू नका, एवढेच सांगणे.